पडद्यावरचा कौल

माझ्या नव्या सोनोग्राफी मशीनवर पहिल्याच पेशंटचं हृदय बंद पडलं, तेव्हा तो पेशंट बिस्कीट खात होता.

चार वर्षांचा मुलगा, खोकल्यासाठी आणलेला. मी त्याच्या छातीवर जेली लावून प्रोब ठेवला. पडद्यावर हृदयाचे कप्पे सुरेख उमटले. मी स्वतःवर खूश झालो, आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं की त्यातलं काहीच हलत नाही. झडपा उघड्याच्या उघड्या, भिंती थिजलेल्या. मी प्रोब सरकवला, दाबला, आणखी जेली ओतली. हृदय आपलं तसंच. माझ्या कानात मात्र ठोके वाजायला लागले. मुलाने बिस्किटाचा दुसरा तुकडा मोडला आणि माझ्याकडे पाहिलं. खाणारं मूल जिवंत असतं, एवढं तरी इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर मला कळायला हवं होतं. पण पडद्यासमोर बसलं की माणूस मुलाकडे बघायचा थांबतो. मागून आमच्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमी फ्रीजचा बटाण दाबलास."

फ्रीज म्हणजे चित्र गोठवायचं बटण. ते माझ्याच अंगठ्याखाली होतं.

घरी जेवताना मी हे रंगवून सांगितलं. आमच्या घरात माझ्या फजितीच्या गोष्टींना मागणी असते, शौर्याच्या गोष्टींना नसते, त्यामुळे मला साठा करून ठेवावा लागतो. माझी बायको हायस्कुलात गणित शिकवते. चुकलेली पायरी तिला लांबूनही दिसते. ती म्हणाली, "बटाण मशिनीचा दाबलास, पण गोठलास तुमी."

मशीन घेतलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. तोवर माझी सगळी प्रॅक्टिस बोटं, स्टेथोस्कोप आणि मुलांच्या आयांचं म्हणणं यांवर चालली होती, आणि त्यातलं आयांचं म्हणणं सर्वांत कमी वेळा चुकत असे. आमचं लहान मुलांचं हॉस्पिटल छोटं आहे. खाली ओपीडी आणि तातडीची खोली, वर वॉर्ड, मागे चिकूचं झाड. मालवणकडची मुलं मासळीचे काटे टोचून घेऊन येतात आणि कसालकडची मुलं हायवेला मोटरसायकलवरून पडून. ज्याला काही मोठं झालंय त्याला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, ज्याला नाही त्याला ठेवून घ्यायचं. माझ्या कामाचा सगळा जीव या एका निवडीत आहे. चुकून पाठवलं तर त्या कुटुंबाची एक फेरी फुकट. चुकून ठेवून घेतलं तर... ते वाक्य आम्ही डॉक्टर लोक सहसा पुरं करत नाही.

म्हणून शिकायला गेलो. वर्गातली बाकीची मंडळी माझ्या मुलाच्या वयाची, आणि खाली वाकल्यावर उठताना तोंडाने आवाज करणारा मी एकटाच. मी प्रोब धरला की शिकवणारा तरुण म्हणायचा, "सर, पेन धरल्यासारखा धरा. कोयता नाही." पण त्याच पोराने एक गोष्ट सांगितली ती मी अजून विसरलेलो नाही. पेशंटच्या खाटेशी उभं राहून करायच्या सोनोग्राफीत मशीनला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. तोही असा, की उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल. छातीत पाणी आहे का? लघवीची पिशवी भरली आहे का? पोटाचा सगळा नकाशा काढून रिपोर्ट लिहिणं हे सोनोग्राफीच्या तज्ज्ञांचं काम. आपण फक्त दारातून डोकावून विचारायचं आणि निघायचं.

मग परवानग्या आल्या. सोनोग्राफीचं मशीन म्हटलं की त्याची नोंदणी हवी, ते कुठल्या खोलीत राहणार हे सांगायला हवं, आणि इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही असा फलक भिंतीवर हवा. कायदा योग्यच आहे, त्यात मला गंमत वाटत नाही. पण आमच्या तातडीच्या खोलीत अस्वलं आणि फुगे यांच्या चित्रांच्या मधोमध तो फलक लागला, तेव्हा एका आजीने तो मोठ्याने वाचला, मांडीवरच्या नागड्या नातवाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हय आता लपवूचा काय रवला?"

हळूहळू हात बसला. शिंगाळा माशाचा काटा तळव्यात मोडून घेतलेल्या एका मुलीचा हात पाण्याच्या टबात बुडवून वरून प्रोब धरला, तेव्हा तो काटा पांढऱ्या रेघेसारखा दिसला आणि मला माझाच हेवा वाटला. या मशीनची एक गंमत अशी की पडदा सगळ्यांना दिसतो. एक्स-रे काढताना नातेवाईक दाराबाहेर असतात. इथे खाटेभोवती सगळं गोत उभं असतं आणि प्रत्येकाचा डोळा पडद्यावर. मासेमारीला जाणारे बाप तर लगेच सैल होतात, कारण मासे शोधायचं असंच मशीन त्यांच्या होडीवर असतं. तेही पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजाचं चित्र काढतं. एक जण मुलाच्या फुप्फुसाकडे बराच वेळ बघून म्हणाला होता, "हय मासळी नाय, डॉक्टरानू. फुडे चला."

मी हसलो होतो. पण पडदा सगळ्यांना दिसतो म्हणजे काय, हे मला पुढे एका सकाळी नीट कळलं.

भातकापणीचे दिवस होते. कापणी असली की आमची ओपीडी ओस पडते. मुलं आजारी पडत नाहीत असं नाही, आणायला कोणी मोकळं नसतं. त्यामुळे अशा दिवसांत जे मूल येतं ते खरोखरीच आजारी असतं. एक तरुण आई दहा महिन्यांच्या मुलीला खांद्यावर टाकून आत आली. तिच्या मागे तिचे सासरे, शेतातून तसेच उठून आलेले, सदऱ्यावर भाताचं तूस, डोक्याला पंचा. मुलीचा बाप गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता.

दवाखान्यात शिरल्यावर आमच्याकडची माणसं बोलणं बदलतात. आई माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलली. "सकाळपासून मधेच किंचाळते, डॉक्टर. पाय पोटाशी घेते. मग एकदम गप्प होते, जसं काही झालंच नाही. थोड्या वेळाने परत."

"दूध?"

"घेते आणि ओकते."

आजोबांना भाषा बदलायची गरज वाटली नाही. "दिष्ट काढली मी. मीठ-मिरशी ओवाळून चुलीत टाकली, इतकोसो ठसको इलो नाय. म्हणजे दिष्ट होतीच."

"मग उतरली का?"

"उतारली असती तर तुमच्याकडे कित्याक इलो असतो?"

हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. पण मी आईच्या 'मधेच' या शब्दापाशी थांबलो होतो. या वयाचं मूल सलग रडत असेल तर त्याची शंभर कारणं असतात. थांबून थांबून, कळ आल्यासारखं किंचाळत असेल आणि मधल्या वेळात मलूल पडत असेल, तर माझ्या मनात एक कारण आधी येतं. सदऱ्याची बाही कधीकधी स्वतःच्याच आत शिरून अडकते. लहान मुलांचं आतडं तसं आतड्यात शिरतं. लवकर कळलं तर मोठ्या हॉस्पिटलात खालून हवा किंवा पाणी भरून ते हलकेच मागे ढकलता येतं, कापावं लागत नाही. उशीर झाला तर अडकलेल्या भागाचं रक्त थांबतं, आणि मग ते वाक्य येतं जे आम्ही पुरं करत नाही.

सिस्टरांनी सलाइन लावायला घेतलं. मी मशीन ओढलं. प्रश्न एकच होता, आतडं आतड्यात शिरलंय का? असेल तर पडद्यावर वर्तुळात वर्तुळ दिसतं, केळीचा खुंट आडवा कापल्यावर दिसतं तसं. मी प्रोब ठेवला, आणि तेवढ्यात मुलीला कळ आली. ती किंचाळून ताठ झाली, पोट लाकडासारखं झालं, आणि पडद्यावर नुसतं धुकं पसरलं. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळीकडे हवा आणि हवेची सावली. खाटेच्या त्या बाजूला आजोबाही माझ्याबरोबर बघत होते. मी जिथे मान वळवीन तिथे तेही वळवत होते.

"काय दिसता?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही."

मी प्रोब खाली ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. मला आतडं अडकल्याचा संशय आहे, मी चूक असू शकतो, पण थांबण्यात धोका आहे, गोव्याला आत्ताच न्यायला हवं. तिथे हवेने सुटेल. नाही सुटलं तर ऑपरेशन.

आईने सासऱ्यांकडे बघितलं. आजोबांनी पंचा काढून हातात घेतला.

"दुपारपर्यंत थांबूक जमात?"

"कशाला?"

"कौल घेवचो आसा."

आमच्या भागाबाहेरच्या कोणी हे वाचलं तर त्यांच्यासाठी सांगतो. मोठा निर्णय घ्यायचा तर ग्रामदेवतेच्या देवळात जायचं. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, देवाला गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, विहीर, मुंबईची नोकरी, सगळं यातून जातं. मी स्वतः मेडिकलला गेलो तो माझ्या आईने उजवा कौल घेतल्यावर. त्यामुळे माझ्या डॉक्टरकीबद्दल कोणाला तक्रार असेल तर ती त्या देवळात करावी, असं बायको सांगत असते.

"आजोबा, एवढा वेळ नाहीये," मी म्हणालो.

"तुमका नक्की ठावक आसा?"

"नक्की नाही. संशय आहे."

"म्हणजे तुमकाय ठावक नाय." ते चिडले नव्हते. उलट माझ्याशी जास्तच सबुरीने बोलत होते. "माझ्या बायलेक आमी अशीच घायघाय करून न्हेली. ऑपरेशनाक. कोणाक इचारूक नाय, सांगूक नाय. ती मागे इली नाय, डॉक्टरानू. तेच्या फुडे आमच्या घरातला कोण न इचारता सुरयेखाली गेला नाय."

माझ्याकडे उत्तरं होती. त्यातलं एकही बायको अशी गमावलेल्या माणसासमोर ठेवण्यासारखं नव्हतं. आई सासऱ्यांच्या जवळ गेली आणि हळू म्हणाली, "बाबानू, माका भिया वाटता. जावया गोव्याक." ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "माकाय वाटता गो."

मी सिस्टरांना अँब्युलन्सला फोन करायला सांगितलं. ती येईपर्यंत थोडा वेळ जाणारच होता. त्या वेळात आजोबा मशीनजवळ आले आणि त्यांनी अगदी कामाच्या माणसाने कामाच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "हेका तुमी काय इचारलास?"

"मशीनला?"

"होय."

मी सांगितलं. एकच विचारतो, आतडं अडकलंय की नाही. हो किंवा नाही.

"मगे बरा," ते म्हणाले. "देवाकय एकच इचारूचा असता. दोन इचारलास की घोळ होता." मग त्यांनी चपला काढल्या, त्या नीट कडेला सरकवल्या आणि म्हणाले, "तुमी परत बघा. मी गाऱ्हाणा घालतंय. हयच."

मी नको म्हणालो असतो तर? मला त्या वेळी एवढंच दिसत होतं की अँब्युलन्स यायची आहे, आणि हा माणूस पहिल्यांदाच या खोलीत काहीतरी घडू द्यायला तयार आहे. मी म्हणालो, "घाला. पण हळू आवाजात."

आजोबांनी मशीनसमोर हात जोडले. "बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. शेतातल्या माणसाचा आवाज गेला आणि देवळातल्या माणसाचा आला. "आज ह्या लेकरू तुझ्या म्होरे आडवा झाला हा. तेच्या पोटात काय अडचण आसात ती ह्या डॉक्टराक दिसान दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आई म्हणाली.

"नसात तर नाय म्हणान सांग रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." या वेळी दोन आवाज आले. दुसरा आमच्या सिस्टरांचा होता. त्या ख्रिश्चन, माहेर गोव्याकडचं, गळ्यात क्रूस. पण तिथे त्यांच्या अंगणासमोरच देऊळ आहे आणि गाऱ्हाण्याला आपोआप होकार देण्यात त्यांचं बालपण गेलंय. त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्या एका हाताने सलाइनची नळी धरून होत्या.

आणि मुलगी शांत झाली. इथे मला सांगायलाच हवं की या आजारात कळ ओसरली की मूल शांत होतंच, तो आजाराचाच स्वभाव आहे. गाऱ्हाणं नसतं तरी ती त्या सुमाराला शांत झाली असती. पण ती झाली तेव्हा आजोबांचा तो संथ सूर चालू होता, मी धांदल सोडून माझा हात त्या सुरावर सोपवल्यासारखा सावकाश खाली आणत होतो, आणि पोट मऊ होतं. बेंबीच्या वरच्या अंगाला पडद्यावर एक गोल सरकत आला. गोलात गोल. प्रोब जरा कलता केला, गोल लांबट झाला. परत सरळ केला, परत गोल. केळीच्या खुंटाचा काप.

मी एक चित्र साठवून ठेवलं. तेवढ्यात तिला परत कळ आली आणि सगळं धुक्यात गेलं.

आजोबांनी गाऱ्हाणं थांबवलं होतं. त्यांनीही पाहिलं होतं. त्यांना काय दिसलं ते त्यांचं त्यांना माहीत, पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "उजवो मां?"

मला वैद्यकीय उत्तर देता आलं असतं. दिसतंय असं वाटतं, चित्र थोडाच वेळ मिळालं, मी यात नवा आहे, गोव्याच्या डॉक्टरांनी बघून खात्री करायला हवी. हे सगळं खरं होतं. आणि हे सगळं ऐकल्यावर ते परत म्हणाले असते, म्हणजे तुमकाय ठावक नाय.

"उजवो, आजोबा," मी म्हणालो.

त्यांनी चपला घातल्या आणि सुनेला म्हणाले, "चल गो, पिशयो घे." अँब्युलन्स येईपर्यंत ते पोर्चमध्ये जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज वेगळाच होता, गोंधळलेला आणि हलका. "डॉक्टर, इथे म्हणतात की काही नाही. इथल्या सोनोग्राफीत काही दिसत नाही. ती झोपलीय शांत." मग तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी फोन घेतला. अतिशय सभ्य मुलगा. म्हणाला, "सर, कधीकधी आपोआप सुटतं. किंवा मग..." आणि मोठ्या माणसासमोर न बोललेलंच बरं असं जे असतं, ते तो बोलला नाही. उद्यापर्यंत ठेवून घेतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी मुलगी दूध प्यायली, ते राहिलं, आणि तिला घरी सोडलं.

मी खूश व्हायला हवं होतं. झालोही, फोन ठेवेपर्यंत.

मग मी ते साठवलेलं चित्र उघडलं. एकदा बघितलं तर केळीचा खुंट. चहा पिऊन बघितलं तर साधं आतडं, त्यात थोडा मळ. ज्याच्याकडे शिकलो त्या पोराला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "असू शकेल सर, चलतचित्र आहे का?" चलतचित्र नव्हतं. एका थांबलेल्या चित्रावरून तो तरी काय सांगणार? हलत्या पडद्यावर मी जे पाहिलं ते फक्त माझ्या डोळ्यांत होतं, आणि माझ्या डोळ्यांना त्या सकाळी काय दिसायला हवं होतं हे मला चांगलं माहीत होतं.

आयुष्यभर हाताने पोट तपासलं, तेव्हा हे दुखणं नव्हतं. बोटांना गोळा लागला की लागला, तो दुसऱ्या कोणाला दाखवता येत नसे, म्हणून कोणी पुरावाही मागत नसे. पडदा आला आणि माझं म्हणणं सगळ्यांसमोर टांगलं गेलं. लोकांना वाटतं मशीन सांगतं. मशीन काहीच सांगत नाही, ते आवाज सोडतं आणि आवाज परत घेतं. सांगणारा मीच. फरक इतकाच की आता मी सांगतो तेव्हा माझ्या मागे एक उजळलेली चौकट असते, आणि तिच्यामुळे माझं 'वाटतं' हे 'आहे' असं ऐकू येतं.

आणि मी तर नुसतं 'आहे' म्हणालो नव्हतो. 'उजवो' म्हणालो होतो. ज्या शब्दासाठी तो माणूस दुपारपर्यंत थांबायला तयार होता, तोच मी त्याच्या हातात ठेवला होता.

आठवड्याभराने आजोबा आले. नव्या भाताचे पोहे घेऊन, मुलीलाही घेऊन. ती त्यांच्या कडेवर बसून त्यांच्या कानात बोट घालत होती. मी तिला टेबलावर आडवी केली, पोट हाताने तपासलं, ती हसली. मशीन कोपऱ्यात होतं. मी त्याला हात लावला नाही.

"आजोबा," मी म्हणालो, "गोव्याला काही सापडलं नाही. कदाचित माझं चुकलं असेल."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच सकाळपासून मधेच किंचाळत होतो. "चुकला काय? माझ्या डोळ्यांनी बघलंय मी. गोल गोल होता मां?"

"होतं. पण..."

"बांद्याच्या फुडे गेलो, आणि ह्या चेडवान असो वारो सोडल्यान, की डायवरान मागे वळान बघल्यान. थय सुटला ता. मी गाडयेत गाऱ्हाणाच घालीत होतंय. दाखवल्यान तो देव, सोडवल्यान तो देव."

"आणि मी?"

त्यांनी खरोखर विचार केला. "तुमी गुरव," ते म्हणाले.

वाटेत आपोआप सुटलं असेल हे गोव्याच्या डॉक्टराचं म्हणणं आणि बांदा गावाच्या पुढे सुटलं हे आजोबांचं म्हणणं, यांत वैद्यकीयदृष्ट्या काही फरक नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही. निघताना त्यांनी मशीनकडे बघून जाता जाता हात जोडले. सिस्टर माझ्याकडे न बघता कपाट आवरत राहिल्या.

त्यानंतर काही दिवस त्यांच्या गावची माणसं येत राहिली. एक जण मुलाला सर्दी म्हणून घेऊन आला आणि म्हणाला, "जरा लावन बघा, उजवो देता काय." मी सांगितलं की सर्दीला मशीन लागत नाही. तो थोडा खट्टू झाला. दुसरी एक बाई सुनेला घेऊन आली, सून पोटुशी. तिला मी भिंतीवरचा फलक दाखवला आणि इतक्या कडक आवाजात बाहेर काढलं की वॉर्डातली मुलं रडायला लागली. एका शब्दाचे धागे कुठवर जातात हे मला तेव्हा कळलं. आता मी कोणालाही पडदा दाखवताना आधी सांगतो की हे माझं मत आहे आणि मत चुकतं. लोक मान डोलावतात आणि पडद्याकडेच बघतात.

हे सगळं मी घरी सांगितलं, पण बऱ्याच दिवसांनी, आणि न रंगवता. रविवारची दुपार होती. बायको पडवीत चाचणीचे पेपर तपासत बसली होती आणि मी तिच्यासमोर आजोबांच्या पोह्यांचं ताट घेऊन. ती लाल पेन चालवत ऐकत होती. गाऱ्हाण्याला सिस्टर होय म्हाराजा म्हणाल्या तिथे ती हसली. उजवो म्हणालो तिथे तिचं पेन थांबलं.

मी म्हणालो, "ते गोल खरंच होतं की मला हवं होतं म्हणून दिसलं, हे आता कधीच कळणार नाही. होतं असं धरलं तर मी बरोबर. नव्हतं असं धरलं तर त्या माणसाला मी देवाच्या नावाने फसवून गाडीत बसवलं. दोन्ही बाजूंनी मांडून बघतो, उत्तर येत नाही. डोक्यातून जातही नाही."

तिने पुढचा पेपर ओढून घेतला.

"चेडू बरा आसा मां?"

"आहे. परवा लस द्यायला आणलं होतं. चालायला लागलंय."

"मगे," ती म्हणाली, "तुमका नेमका खंय दुखता?"